मोटरहोम साताऱ्याहून काढताना: मोठ्या शहरांची कोंडी चुकवणारा रस्ता कसा आखायचा

साताऱ्याहून मोटरहोम घेऊन निघणाऱ्या बहुतेकांची पहिली चूक घरीच होते. मोबाइलवर ‘सातारा ते शिर्डी’ टाकायचं, निळी रेघ दिसेल ती धरायची आणि चहा-पोहे आटोपून सकाळी साडेसहाला गाडी काढायची. ही गाडी पुण्याच्या बाह्यवळणावरच्या नवले पुलावर बरोबर नऊच्या सुमारास पोचते, म्हणजे अख्खं पुणे कामाला निघालेलं असतं तेव्हा. माझ्या पहिल्या सहलीत मी हेच केलं. सोमवार होता. मागे अण्णा बसले होते, दोन्ही मुलं झोपलेली. नऱ्ह्यापासून वाकडला जायला अडीच तास लागले. क्लच तापला, अण्णांचा रक्तदाब वाढला आणि त्या दिवशीचा मुक्काम जिथे ठरवला होता तिथे पोचलोच नाही.

छोटी कार कोंडीत सापडली तर वैताग येतो. साडेसहा-सात मीटर लांबीची, पाण्याने आणि सामानाने भरलेली गाडी सापडली तर अख्ख्या सहलीचं वेळापत्रक कोलमडतं. तिला गल्लीत वळवता येत नाही, सबवेखालून काढता येत नाही, कुठेही कडेला लावता येत नाही. म्हणून तिचा रस्ता आधी घड्याळावर ठरवायचा आणि मग नकाशावर. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. क्रम उलटला की चुका सुरू होतात.

## टप्पा १: नकाशा उघडण्याआधी गाडी मोजा

मोबाइलमधला नकाशा तुमच्या गाडीला कारच समजतो. उंची, लांबी, वजन यातलं काहीच त्याला माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत हवं.

उंची. गाडी सपाट जागी उभी करा आणि जमिनीपासून छतावरच्या सर्वांत उंच वस्तूपर्यंत मोजा. छतावरचा एसी, सोलर पॅनेल, कॅरिअर, त्यावर बांधलेली ताडपत्री, सगळं धरून. कंपनीच्या पुस्तकातली उंची उपयोगाची नाही, कारण ती एसी बसवण्याआधीची असते. आलेल्या मापात १५ सेंटिमीटर मिळवा आणि तो आकडा मीटर व फूट दोन्हींत लिहून चालकाच्या समोर चिकटवा. पुलांवर माप मीटरमध्ये लिहिलेलं असतं आणि आपल्या डोक्यात फूट असतात. ऐन वेळी गुणाकार सुचत नाही.

वजन. माणसं, पाणी, गॅस, सामान, सगळं भरून एकदा वजनकाट्यावर जा. साखर कारखान्यांच्या आसपास आणि एमआयडीसीत काटे आहेत, थोड्या पैशांत काम होतं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, हे लक्षात असू द्या. घाट चढायचा असेल तर टाकी पूर्ण भरलेली किंवा जवळजवळ रिकामी ठेवा. अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळते आणि मागचा भाग ओढल्यासारखा होतो.

लायसन्स आणि कागद. एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. आरसी बुकवर गाडीची नोंद कशी आहे ते बघा. स्वतःच्या नावावर, खासगी वापराची कॅम्परव्हॅन बिगर-वाहतूक वर्गात येते. भाड्याने घेतलेली असेल तर ती वाहतूक वर्गातली असते, आणि राज्याबाहेर जाताना तिचा परवाना व कर भरलेला आहे का हे मालकाकडून कागदावर पाहून घ्यावं लागतं. टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन गॅरेजमध्ये आतून घर बनवून घेतलं आणि आरटीओत नोंदच केली नाही, असे लोक मला भेटतात. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

फास्टॅग. टॅग गाडीच्या योग्य वर्गाचा आहे का, शिल्लक आहे का, हे दोन्ही आदल्या आठवड्यात पाहा. राष्ट्रीय महामार्गावर टॅग चालला नाही तर जास्त टोल लागतो; १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरल्यास सव्वापट. फास्टॅगचा वार्षिक पास खासगी कार-जीप-व्हॅनसाठीच आहे आणि तो मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्गावर चालत नाही. तो धरून टोलचा हिशेब केला तर चुकतो.

> तपासा: उंचीचा आकडा डॅशबोर्डवर चिकटवला का? भरलेल्या गाडीचं वजन आरसीवरच्या मर्यादेत आहे का? नसेल तर सामान कमी करा, मगच पुढे वाचा.

## टप्पा २: आधी ठरवा, पुण्याला जायचंच आहे का?

सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो या एका प्रश्नाने. उत्तरेला जायचं म्हणजे पुणे लागणारच, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण साताऱ्याहून निघणाऱ्या निम्म्या सहलींना पुण्याची गरज नसते.

शिर्डी, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर: वाढे फाट्यावरून वाठार स्टेशन, आदर्की, फलटण, बारामती, कुरकुंभ, दौंड, अहिल्यानगर. शिर्डीला जाताना पुण्यावरून आणि इथून किलोमीटरमध्ये फार फरक पडत नाही. फरक पडतो तो डोक्याला. पुण्याच्या बाजूने गेलात तर चाकण किंवा शिक्रापूर यातलं एक वाट्याला येतंच. चाकणचा चौक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता हे कंटेनरांचं राज्य आहे. तिथे मोटरहोम घेऊन शिरू नका. अहिल्यानगरला शहरात न जाता बाह्यवळण धरा. नागपूरकडे जायचं असेल तर शिर्डीजवळ समृद्धी महामार्गावर चढता येतं. चढण्याआधी डिझेल भरून घ्या.

सांगली-मिरजेच्या वाचकांनाही हा रस्ता जोडून घेता येतो: तासगाव, विटा, मायणी, दहिवडी, फलटण. साताऱ्यात न येता थेट.

पंढरपूर, सोलापूर, हैदराबाद: साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, गोंदवले, म्हसवड. सांगलीकरांनी मिरजेवरून सोलापूरचा राष्ट्रीय महामार्ग धरावा.

कोकण: कऱ्हाड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. याबद्दल पुढे सांगतो.

मुंबई आणि गुजरात: फक्त यांनाच पुण्याचं बाह्यवळण खरोखर लागतं.

फलटण-बारामतीच्या रस्त्याला तीन अटी आहेत, त्या लक्षात न घेता कुणी निघू नये.

पहिली अट उसाची. गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. पुष्कळांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो. या काळात हा रस्ता फक्त दिवसाउजेडी धरा. कोंडी चुकवायला रात्री निघायचं हे पुण्याच्या बाह्यवळणावर शहाणपणाचं असेल, इथे ते धोक्याचं आहे.

दुसरी अट वारीची. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मार्गाने जाते आणि तुकाराम महाराजांची पालखी बारामतीवरून. दोन्ही पालख्या नेमक्या आपल्या या पर्यायी रस्त्यावर असतात. त्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते. पालखीचं वेळापत्रक आधी प्रसिद्ध होतं, ते पाहून सहलीची तारीख बदला. वारकऱ्यांच्या गर्दीतून सात मीटरची गाडी पुढे काढायचा प्रयत्न करू नये.

तिसरी अट रेल्वेची. पुणे-मिरज लोहमार्ग वाठार, आदर्की, सालपे, लोणंद असा या भागातून जातो. गावरस्त्यांवरची फाटकं बंद करून अनेक ठिकाणी भुयारी मार्ग केलेत. तिथे उंची कमी असते, पुढे लोखंडी आडवा बार लावलेला असतो आणि पावसाळ्यात पाणी साठतं. मुख्य रस्त्यावर थोडी गर्दी दिसली की मोबाइल ‘सहा मिनिटं वाचतील’ म्हणून याच गावरस्त्यांवर घालतो. मी एकदा त्याचं ऐकलं. छतावरच्या एसीपासून चार बोटांवर बार होता, म्हणून वाचलो. मागे उसाचे तीन ट्रॅक्टर लागलेले. अर्धा किलोमीटर मागे रिव्हर्स घ्यावी लागली, आणि गावातली दोन पोरं पुढे-मागे धावत ‘या, या’ करत नसती तर तेही जमलं नसतं.

> सावधान: निघाल्यावर मोबाइलने सुचवलेला जवळचा रस्ता कधीही स्वीकारायचा नाही. घरी ठरवलेल्या रस्त्यावर मधली गावं ‘थांबा’ म्हणून नकाशात टाकून ठेवा, म्हणजे तो तुम्हाला मुख्य रस्त्यावरच धरून ठेवेल.

## टप्पा ३: पुणे ओलांडायचंच असेल तर घड्याळ उलटं फिरवा

मुंबई-गुजरातकडे जाणाऱ्यांसाठी हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. ‘किती वाजता निघू?’ हा प्रश्न आधी विचारू नका. ‘नवले पुलावर किती वाजता असायला हवं?’ हा विचारा आणि तिथून मागे मोजत या.

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून, मुंबईचा द्रुतगती मार्ग सुरू होतो त्या किवळ्यापर्यंत साधारण ३० किलोमीटरचा पट्टा आहे: नऱ्हे, नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड, पुनावळे, रावेत. कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ हा पट्टा मोटरहोमसाठी बंद आहे असंच समजा. हिंजवडीची गर्दी वाकड आणि भूमकर चौकाला मिळते तेव्हा तर जास्तच. मग उरतात तीन खिडक्या, म्हणजे रस्ता मिळण्याच्या तीन वेळा.

पहाटेची खिडकी. नवले पुलावर पावणेसहाला, किवळ्याला साडेसहाच्या आत. साताऱ्याहून नवले पूल सुमारे १०० किलोमीटर. मोटरहोमचा सरासरी वेग ताशी ५० धरा, त्यावर पाव तास थांब्याचा. म्हणजे साताऱ्यातून साडेतीनला निघायचं. हा हिशेब कागदावर सोपा दिसतो, पण साडेतीनला निघायचं म्हणजे चालकाची झोप मोडते. म्हणून मी आदल्या संध्याकाळी शिरवळच्या आसपास मुक्काम करतो. तिथून पावणेपाचला निघालं की तासाभरात पूल. झोप पुरी होते आणि खंबाटकी आदल्या दिवशी उजेडात पार झालेली असते.

दुपारची खिडकी. नवले पुलावर साडेबारा, किवळ्याला दीड-दोन. साताऱ्याहून दहाला निघा. लहान मुलं, वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी हीच सुचवेन. पहाटेइतका मोकळा रस्ता मिळत नाही, पण गाडी थांबत नाही.

रात्रीची खिडकी. साडेदहानंतर. रस्ता मिळतो, पण जड वाहनं भरपूर असतात आणि दिवसभर जागा असलेला चालक असतो. दुसरा चालक नसेल तर नको.

आता साताऱ्याच्या लोकांना मिळालेला एक फायदा, जो फारसा कुणी वापरत नाही. शनिवार-रविवारचा लोंढा पुण्या-मुंबईहून आपल्याकडे येतो: महाबळेश्वर, पाचगणी, कास. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी दुपारपर्यंत तो साताऱ्याकडे येतो आणि रविवारी संध्याकाळी परत जातो. म्हणजे आपण शनिवारी सकाळी पुण्याच्या दिशेने निघालो आणि रविवारी संध्याकाळी साताऱ्याच्या दिशेने परतलो, तर दोन्ही वेळा लोंढ्याच्या उलट असतो. त्यात शनिवारी ऑफिसची गर्दीही कमी. सहल सोमवारऐवजी शनिवारी सुरू करा, एवढ्या एका बदलाने पुण्यातला बराचसा त्रास जातो. उलट रविवारी दुपारी चारला साताऱ्याहून पुण्याकडे निघालात, तर खंबाटकीपासून खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत रांगेत असाल.

### प्रत्यक्ष रस्त्यावरचा क्रम

१. साताऱ्यातून बाहेर. शहरातून जाऊ नका. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये उंच गाडी घालण्याचं कारणच नाही. महामार्गावर थेट बॉम्बे रेस्टॉरंट चौक किंवा वाढे फाट्यावरून चढा.

२. आनेवाडी टोल ते वेळे. इथे गाडीचं ऐका. काही खडखडत असेल तर पाचवड-भुईंजला थांबून बघा, बोगद्याआधी. कपाटांचे दरवाजे, गॅसचा रेग्युलेटर, छताची खिडकी. धावत्या गाडीत सिलिंडर नेहमी बंद हवा.

३. खंबाटकी. साताऱ्याकडून पुण्याला जाताना घाट लागत नाही, बोगदा लागतो. धोका बोगद्यात नाही, त्याच्या पुढच्या उतारावरच्या एस वळणात आहे. उंच गाडीचा तोल तिथे जातो. बोगद्यातच वेग कमी करा, ब्रेकवर वळण घेऊ नका. नव्या बोगद्यांच्या कामामुळे इथल्या मार्गिका बदलतात, तेव्हा जुन्या आठवणीपेक्षा समोरच्या फलकावर विश्वास ठेवा.

४. शिरवळ ते खेड शिवापूर. शेवटचा निवांत थांबा इथेच. स्वच्छतागृह, चहा, डिझेल, टायरची हवा, सगळं उरका. कात्रजच्या बोगद्यापुढे थांबायला नीट जागा नाही.

५. कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल. अख्ख्या रस्त्यातला सर्वांत धोक्याचा उतार हा. ब्रेक निकामी होऊन इथे वारंवार मोठे अपघात झालेत, आणि त्यातले अनेक चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे होते. बोगद्यातून बाहेर पडण्याआधी तिसऱ्या गिअरवर या, भरलेली गाडी असेल तर दुसऱ्या. उतार संपेपर्यंत इंजिननेच वेग धरायचा. वेगमर्यादेचे फलक आणि कॅमेरे आहेत. मागचा ट्रक हॉर्न देतोय म्हणून वेग वाढवू नका.

६. वारजे, चांदणी चौक. मधल्या मार्गिकेत राहा. ऑगस्ट २०२३ मध्ये खुल्या झालेल्या नव्या पुलामुळे चांदणी चौकातली जुनी कोंडी सुटली, पण आता रॅम्प इतके आहेत की चुकीचा धरला तर थेट कोथरूड किंवा मुळशीच्या रस्त्यावर जाता. चुकलात तर घाईघाईने मार्गिका तोडू नका. पुढे जा, रुंद जागा बघून वळा.

७. वाकड ते किवळे. सेवा रस्त्यावर उतरू नका. तो मोकळा दिसतो, पण पुढे अंडरपासच्या तोंडाशी नेऊन सोडतो.

> तपासा: नवले पुलावर ठरलेल्या वेळेपेक्षा ४५ मिनिटांहून जास्त उशीर होणार असं शिरवळलाच लक्षात आलं, तर पुढे जाऊ नका. तिथेच थांबा, स्वयंपाक करा, दुपारची खिडकी धरा. चाकांवरचं घर घेऊन निघालोय ते यासाठीच.

पुण्याच्या वर्तुळाकार रस्त्याच्या भरवशावर आज आखणी करू नका. नकाशात रेघ दिसते म्हणजे रस्ता खुला आहे असं नाही.

## टप्पा ४: मुंबईत जायचं की मुंबईपलीकडे?

मुंबईत जायचं असेल तर मोटरहोम पनवेल किंवा नवी मुंबईत, रखवाली असलेल्या वाहनतळावर लावा आणि लोकलने जा. अटल सेतूमुळे शिवडीपर्यंत लवकर पोचता येतं हे खरं. २१.८ किलोमीटरचा हा पूल जानेवारी २०२४ पासून खुला आहे. पण शिवडीला उतरल्यावर ही गाडी लावणार कुठे? पाहुण्यांच्या सोसायटीत आत घेत नाहीत आणि बाहेर लावली तर टो होते.

गुजरातकडे जायचं असेल तर कळंबोलीहून तळोजा, शिळफाटा, मुंब्रा बायपास, ठाणे, घोडबंदर हा नेहमीचा मार्ग. यात घोडबंदर रस्ता, त्यातही गायमुखचा चढ, ही अडकायची जागा. इथे लोक रात्रीची वेळ निवडतात आणि फसतात. शहरांमध्ये जड वाहनांना दिवसा बंदी असते, म्हणून रात्री सगळे कंटेनर एकदम सुटतात. माझ्या मते रविवारची पहाट सर्वांत बरी. शनिवारी दुपारच्या खिडकीतून पुणे ओलांडा, मुक्काम लोणावळ्याच्या अलीकडे कार्ल्याच्या बाजूला करा आणि रविवारी पहाटे चारला तिथून निघा.

द्रुतगती मार्गावर खंडाळ्याचा घाट उतरताना पुन्हा तेच: खालचा गिअर, डावी बाजू. हा घाट शनिवारी सकाळी आणि लागून सुट्ट्या आल्या की तासन्‌तास ठप्प होतो. कडेच्या पट्ट्यावर गाडी उभी करून चहा करायचा मोह टाळा. ती जागा बंद पडलेल्या गाड्यांची आहे आणि मागून येणारा ट्रक तिथेच धडकतो.

## टप्पा ५: दक्षिणेची दिशा

दक्षिणेला शहरं कमी त्रास देतात, रस्त्याची कामं जास्त. सातारा-कागल सहापदरीकरणामुळे कऱ्हाड-मलकापूर आणि पुढे अनेक ठिकाणी वाहतूक सेवा रस्त्यावर वळवली जाते. हा पट्टा सकाळी लवकर, उजेडात पार करा. कोल्हापूर शहरात न शिरता महामार्गाने सरळ जाता येतं. देवीच्या दर्शनाला जायचं असेल तर गाडी शहराबाहेर लावून रिक्षाने जा.

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येतं. २०१९ आणि २०२१ मध्ये हा महामार्ग बंद पडला होता. त्या दिवसांत निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. वाढत असेल तर सहल पुढे ढकला.

बंगळूरूत शिरण्याचा नियम पुण्यासारखाच. तुमकूरला मुक्काम, पहाटे निघून नाइस रोडने शहराला वळसा. म्हैसूरला जायचं असेल तर बंगळूरूला जाऊच नका. तुमकूरहून कुणिगल, मद्दूर असा रस्ता आहे.

## टप्पा ६: कोकण, म्हणजे शहर नाही पण घाट

साताऱ्याहून कोकणात जायला ना पुणे लागतं ना मुंबई. पण मोबाइल हमखास महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट सुचवतो, कारण तो जवळचा. लांब गाडीला तो नको. वळणं घट्ट आहेत, रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की कुणाला तरी मागे जावं लागतं. पावसाळ्यात दरडीही येतात. भोर-महाडचा वरंधा घाट पावसाळ्यात बहुधा बंदच ठेवतात. कुंभार्ली लांब पडतो, पण या मार्गाने जड वाहनं नेहमी जातात, म्हणजे आपलीही जाते.

> सावधान: गणपतीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत मुंबईचे चाकरमानी मुंबई-गोवा महामार्ग टाळून साताऱ्या-कऱ्हाडवरूनच कोकणात उतरतात. त्या दिवसांत आपला मोकळा रस्ता मोकळा नसतो.

## टप्पा ७: मुक्काम नेहमी शहराच्या अलीकडे

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्यासाठी वेगळा टप्पा करतोय. लोक दिवसभर चालवतात आणि ‘पुणे ओलांडून थांबू’ म्हणत संध्याकाळी सहाला कात्रजच्या बोगद्यात शिरतात. दमलेला चालक आणि संध्याकाळची गर्दी एकत्र येऊ देऊ नका. शहराच्या ४०-५० किलोमीटर अलीकडे थांबा, ओलांडायचं ते सकाळी ताज्या डोक्याने.

मुक्कामाची जागा आदल्या दिवशी फोन करून ठरवा आणि चार गोष्टी विचारा: सात मीटरची गाडी आत वळते का, गेटवर कमान किंवा लोंबती वीजवाहिनी आहे का, रात्री रखवालदार असतो का, पाणी भरायला मिळेल का. एमटीडीसीची निवासं, मोठे ढाबे, चोवीस तास चालणारे पेट्रोलपंप, सगळीकडे परवानगी मागूनच थांबायचं. पंपावर थांबलात तर गॅस पेटवायचा नाही. सांडपाणी शेताच्या कडेला सोडू नका. टाकी रिकामी करायची सोय नसेल तर ती बंद ठेवून पुढच्या ठिकाणी न्या. एकाने घाण केली की पुढच्या मोटरहोमला तिथे उभं राहू देत नाहीत.

## टप्पा ८: आदल्या रात्रीचं काम

नकाशात ‘निघण्याची वेळ’ बदलून बघायची सोय आहे. उद्याची तारीख आणि तुमची खरी वेळ टाका. आत्ता रात्री दहाला तो जो वेळ दाखवतो तो आत्ताचा असतो, उद्या सकाळचा नाही. आलेल्या वेळेत प्रत्येक तासामागे पंधरा-वीस मिनिटं वाढवा, कारण तो कारचा वेग धरतो.

मग कागदावर चार ओळी लिहा: अडकायची जागा, तिथे पोचायची वेळ, त्याआधीचा शेवटचा थांबा, आणि उशीर झाला तर कुठे थांबायचं. हा कागद चालकाशेजारी बसणाऱ्याकडे द्या. नकाशा तोच बघेल आणि घड्याळही. चालकाने फक्त रस्ता बघायचा. आमच्या घरी हे काम थोरल्या मुलीकडे आहे आणि ती वेळेच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक आहे.

घाटात रेंज जाते, म्हणून त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा.

## टप्पा ९: परतीचा दिवस

जाण्याची आखणी सगळे करतात, परतीची कुणी करत नाही. ‘निघू दुपारून’ म्हणतात आणि संध्याकाळी सहाला रावेतला अडकतात. परतीलाही तोच उलटा हिशेब: आधी रावेत-नवले पट्ट्याची वेळ, मग निघण्याची.

परत येताना खंबाटकीचा बोगदा नाही, घाट चढायचा असतो. शनिवारी सकाळी या घाटात बंद पडलेला एक ट्रक (सातारा जिल्ह्यातल्या) खंडाळ्यापर्यंत रांग लावतो. रविवारी संध्याकाळी हीच बाजू बरी असते. चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा बघत राहा. वर सरकायला लागला तर एसी बंद करा, गिअर उतरवा, ट्रकच्या मागे शांतपणे चढा. घरी पोचल्यावर त्याच दिवशी सांडपाण्याची टाकी धुवा, सिलिंडर उतरवा आणि तुमच्या चार ओळींच्या कागदावर प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष किती वाजले ते लिहून तो गाडीच्या कागदांतच ठेवा. पुढच्या वेळी हिशेब तिथूनच सुरू करता येतो.